थाळीवरचा बँड

हसायचं असलं तर खुशाल हसा, पण सगळं ऐकल्यावर. माझ्याइतका मोठा गाढवपणा आमच्या धावडा गावात अजून कुणी केला न्हाई.

मला बँडचं येड. जाफराबादची एक बँडपार्टी लग्नात वाजवायला यायची. लाल कोट, पितळी बाजे. लग्न कुणाचं का असंना, वरातीत मी बाजेवाल्यांच्या मागंमागं. नवरीचं तोंड मला आठवायचं न्हाई, पण क्लॅरनेटवाला कुठं दम घेतो ते बराबर पाठ. अन् घरी त्याच चाली माझ्या पद्धतीनं. वरातीची उडती चाल भाकरीच्या थापेवर सावकाश करायची अन् तिच्यात माझे बोल घालायचे. सासू म्हणायची, हिला बँडवाल्यालाच द्यायची होती.

आता मुद्द्याचं. माझी धाकटी जाऊ कांता. तिला तीन पोरी. चौथ्यांदा दिवस गेले तवा सासऱ्यांनी सरळ सांगून टाकलं, यंदा पोरगी झाली तर दामूचं दुसरं लग्न. दामू म्हणजे कांताचा नवरा, माझा दीर. नुसतं बोलून थांबले न्हाईत, जाफराबादकडची एक पोरगी बघून ठेवली. कांता तिथंच शेंगा फोडत बसलेली. मी भांडले. माझं कोण ऐकतं?

कळा सुरू झाल्या तशी सासू तिला जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. गडीमाणसं शेतात. घरी मी अन् त्या तीन पोरी. त्यांनी आईसाठी असा गळा काढला की काय सांगू. गूळ दिला, दम दिला, धपाटा बी दिला. गप होतील तर शपथ!

मंग मी बँड काढला. मोठीकडं डबा, मधलीकडं दोन झाकणं, धाकटीच्या तोंडाला तेलाचं नरसाळं. अन् मी घेतली काशाची थाळी अन् उलथनं. ‘रडू नगं मैना, आई येती जीपीत.’ पोरी हसायला लागल्या. मला बी चेव आला. अशी घुमवली थाळी!

आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात दारात थाळी कधी वाजवत्यात? घरात पोरगा झाल्यावर. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण बँड अंगात आल्यावर डोकं कुठं चालतं?

शेजारच्या भागाबाईनं ऐकलं. येऊन इचारायचं तर न्हाई, तशीच शेताकडं पळाली. सासऱ्यांजवळ नेमका त्या दुसऱ्या लग्नाचा मध्यस्थ बसलेला. नातू झाला म्हणल्यावर सासऱ्यांनी चार माणसांत त्याला सांगितलं, त्या लोकांना कळवा, आम्हाला गरज न्हाई. तो एस्टी धरून गेला बी. दामू पेढे घेऊन दवाखान्यात.

मी उलथनं खाली ठेवलं तवा दारात ही गर्दी. ‘पोरगा कसा हाये?’

‘कुणाचा?’ मी म्हणले.

तिकडं कांताला दुपारीच पोरगी झाल्ती. दामू शिरला अन् म्हणला, घरी थाळी वाजली, पोरगा कुठाय? सासूला तेवढंच पायजे होतं. दवाखान्यातनं कुणी निरोप धाडल्याशिवाय घरी थाळी वाजंल का, तुम्हीच पोरगा बदलला म्हणून तिनं नर्सबाईलाच धरलं. तासभर नुसता गोंधळ. शेवटी कळलं, त्या दिवशी तिथं दुसरं बाळंतपणच झालं नव्हतं. बदलणार कुणाशी?

सासऱ्यांनी जाफराबादला पुन्हा शब्द टाकला. त्या लोकांनी सांगितलं, आमची पोरगी काय तुमच्या थाळीवर नाचायला हाये का? दिली दुसरीकडं. मंग आमच्या घराची अशी बोंब झाली की दामूला पोरगी द्यायला कुणी तयार होईना.

म्हणजे काम झालं की न्हाई? कांता घरी आली तशी मी छाती काढून गेले.

‘कांता, माझ्यामुळं तुझी सवत टळली.’

तिनं वर बघितलं न्हाई. पोरीला पाजून राह्यली होती.

‘टळली, आक्का. पण मला बी वाटलं माझा पोरगा बदलला. तासभर ही रडत होती अन् मी हिला जवळ घेतलं न्हाई.’

पोरगी झाली म्हणून सासूनं डिंकाचा डबा काढलाच नव्हता. तो मी काढला अन् बाळंतिणीचे लाडू वळायला बसले.

तीन वळले. तिन्ही हातातच फुटले.