दिवसा सांगितलेली गोष्ट

मी मोठ्या माणसांसाठी परीकथा लिहिते. त्यात परी क्वचितच असते. राक्षस, भूक आणि बंद दारं जास्त. आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली, तीही विज्ञानाची. त्यामुळे आईला माझ्या लिहिण्याचा जास्तच संशय. "राक्षसच लिवाचा होता, तं कॉलेजात कायले गेली वं?"

गोष्टी मुळात तिच्याच. पण तिचा एक नियम होता, गोष्ट दिवसा सांगायची नाही. दिवसा सांगितली की मामा वाट चुकतो. आमच्याकडे हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मी मात्र अमरावतीच्या घरात, नवरा कामाला आणि मुलगी शाळेत गेली की, दुपारीच लिहिते. एकदा अडले म्हणून अकोल्याला आईला फोन केला. राक्षसाच्या घरी दिलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो. दार तीच उघडते, पण तिचे दात वाढलेले असतात. पुढे काय? लहानपणी मी दरवेळी तिथंच झोपून जायचे.

"आता नाही," आई म्हणाली. "बाहीर ऊन हाय."

"मी कोणाले सांगत नाही, लिहून राहिली फक्त."

"लिवणं म्हंजे सांगणंच होय. मामाचा तरी विचार कर."

मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. सगळी नोकरी बडनेऱ्याला रेल्वेत गेली, गाड्यांना रूळ बदलून देण्यात. असा माणूस वाट चुकेल? मी हसले आणि शेवट मनानेच लिहायला बसले.

त्याच आठवड्यात मामा माझ्याकडे यायला निघाला, बडनेऱ्याला उतरला आणि हरवला. एका ऑटोवाल्याने मामाच्या मोबाइलवरून मला फोन लावला, "बाजी, चाचा कबसे बैठे हैं, कां जाना है बोलइच नई रे." मी पोचले तर मामा मलाच म्हणतो, "तू इथं कावून आली, बेटा?"

आईचा पहिला प्रश्न होता, "लिवून राहिली होती ना?"

लिहीत होते.

तिथून मी सगळ्यांकडे संशयाने पाहू लागले. मामाला काही विचारलं की मामी आधी उत्तर देते. तो दुधाला गेला की परत येईपर्यंत ती ओट्यावरून हलत नाही. फोनवर तो माझ्या मुलीची चौकशी करतो, तेव्हा मागून कोणीतरी हळूच तिचं नाव सांगतं. आणि आई? ती त्या जुन्या म्हणण्याला एवढी घट्ट धरून होती, याचाच मला सर्वांत जास्त संशय आला. हिला काहीतरी ठाऊक होतं.

मी डॉक्टरचा विषय काढला. आई भडकली. "डाक्टर कायले? तू लिवणं बंद कर, पाह्य कसा सुदा चालते थो."

शेवटी शर्त ठरली. महिनाभर मी दिवसा एक ओळ लिहायची नाही. तरीही मामा चुकला, तर डॉक्टर. विज्ञानाच्या पदवीधर बाईने हे कबूल केलं, आणि मला त्याची लाज नाही. मामाला दवाखान्यात नेण्याचा दुसरा रस्ताच नव्हता. प्रकाशक राहिलेली कथा मागत होता; त्याला काय सांगणार?

आई रोज दुपारी फोन करून तपासायची.

"काय करून राहिली?"

"मेथी निवडून राहिली."

"खरं?"

"मेथीले फोन देऊ काय?"

महिना संपत आला होता. मामा देवळातून परतताना भलत्याच घरासमोर उभा राहिला आणि दार उघडत नाही म्हणून त्या लोकांवर ओरडू लागला. आईचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"खरं सांग. मी रागावत नाही. चोरून एखादी ओळ लिवली काय?"

मला कळलं, तिला 'हो' ऐकायचं होतं. मी लिहिलं असतं, तर चूक माझी आणि मामा ठणठणीत. 'हो' माझ्या ओठांपर्यंत आलं.

"नाही, आई."

ती मग म्हणाली, "कवा न्याचं त्याले?"

अकोल्याच्या दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो. मामी केसपेपर काढायला गेली. भर दुपार. मामाची चुळबुळ चाललेली. ड्युटीची वेळ झाली म्हणून तो सारखा उठायचा. आईने त्याचं मनगट धरलं. "एक भाऊ असते," तिने सुरू केलं.

"आई, दिवस आहे."

"दिसते मले. आता कोणाची वाट राखाची?"

आणि तिने ती गोष्ट पुरी सांगितली. भाऊ बहिणीला घेऊन निघतो, वाटेत तिचे दात मक्याच्या दाण्यांसारखे गळून पडतात, दोघं सुखाने घरी पोचतात. मला ते खोटं वाटलं. आईच्या गोष्टी अशा संपत नसतात.

मामाही सावरून बसला. "खोटं सांगून राहिली, बाई. थो नाही येत वापस. बहीण मनते, पळ. थो मनते, वाट सापडत नाही. मंग थे त्याले घरात घेते. भूक लागली का आपलाच हात चावते, पण त्याले खात नाही."

"हो, दादा," आई म्हणाली. "तसंच हाय."

आतून त्याचं नाव पुकारलं. मामा झटकन उठला आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागला. आईने हाताला धरून त्याला आतल्या दाराकडे वळवलं.