नटांवरची पिवळी रेघ

हे मी आईलाही सांगितलेलं नाही, खोलीतल्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जमतंय का? असेलही. मग हाही पळपुटेपणाच.

मी इनामगावचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. डिप्लोमाला असताना सुट्टीत शिक्रापूरला हायवेकडेच्या एका ट्रक गॅरेजात काम करायचो. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. चाकं आणि ब्रेक शमुवेलदादाकडे. माझ्याकडे स्कॅनर — गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलं की बिघाड कुठं आहे ते सांगणारं यंत्र. शमुवेलदादा येता-जाता टोमणा मारायचा, "काय इंजिनेर, पेनापेक्षा जड उचललंय का कवा काय?" सगळे हसायचे. मीही हसायचो, वरवर.

आमच्याकडे एक पद्धत होती. चाक बसवलं की नट आवळायचे, गाडी थोडी फिरवून आणायची, मग पुन्हा आवळायचे. पहिल्या फेरीत ते सैल पडतात. दुसऱ्यांदा आवळले की प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. जो आवळेल त्यानंच. रेघ दिसली की पुढं कुणी विचारायचं नाही.

त्या दुपारी केंदूरचे बबनमामा कांद्यानं भरलेला ट्रक घेऊन आले. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा दिवा विझत नव्हता. स्कॅनरनं दाखवलं, पुढच्या डाव्या चाकाचा वेग कॉम्प्युटरला कळत नाही. म्हणजे सेन्सर. शमुवेलदादानं चाक उतरवलं, चाकामागचा हब खोलला, मी सेन्सर बदलला. चाक परत चढवून त्यानं नट आवळले आणि म्हणाला, "आणा फिरवून. मंग बघतो." तो दुसऱ्या ट्रकखाली गेला.

आम्ही फिरून आलो. दिवा विझलेला. मामा खूश होते. उशीर झाला होता, त्यांना दौंड गाठायचं होतं. केबिनमधूनच त्यांनी विचारलं, "सोडू का गाडी, साहेब?"

साहेब. मला? असं मला कुणीच म्हटलं नव्हतं. शमुवेलदादाला हाक मारली असती तर तो हातातलं काम टाकून आला असता — आणि सगळ्यांसमोर टोमणाही मारला असता. मग मी साहेब कसला? रंगाचा डबा चाकाशेजारीच होता. मी नटांना हात लावला. घट्टच वाटले. हातानं काय कळतं? मला ठाऊक होतं की काही कळत नाही. तरी —

मी रेघा ओढल्या. नट न आवळता. "सोडा," म्हणालो.

न्हावऱ्याच्या पुढं चाक निखळलं. ट्रक चारीत कलंडला. बबनमामांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. स्टिअरिंग धरायचा हात.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सगळ्यांना उभं केलं. कुणी ओरडत नव्हतं, तेच जास्त भीतीदायक होतं. आप्पा माझ्याकडे वळले. "तू रेघ बघूनच गाडी सोडली ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"शमुवेल, तू आवळलं व्हतं का न्हाई?"

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "आप्पा, रेघ हाय म्हंजी मीच ओढली. दुसरं कोण ओढतंय? आन् चाक निघालं म्हंजी... आवळलं नसंल मी. मला आठवंना झालंय."

तो खोटं बोलत नव्हता. दिवसभरात इतकी चाकं हातांखालून जायची की त्याला खरंच वाटलं, आपणच चुकलो. मी जेमतेम चार पावलांवर होतो. एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललो? कारणं आहेत माझ्याकडे. ती तुम्हाला सांगत नाही. सांगितली की ती बरी वाटायला लागतात.

आप्पांनी त्याला काढलं नाही. तोच एकेका चाकाचे नट पुन्हा पुन्हा आवळायला लागला. सोडलेली गाडी हात करून थांबवायचा, परत तपासायचा. ड्रायव्हर वैतागायचे. त्याचे टोमणे बंद झाले. मला वाटलं होतं, ते बंद झाले की बरं वाटेल. दिवाळीच्या आधी तो स्वतःहूनच काम सोडून गेला.

गेल्या महिन्यात दौंडच्या स्टँडवर तो भेटला. आता एका गोदामावर पहारा करतो. त्यानं हात धरून मला टपरीवर नेलं आणि टपरीवाल्याला सांगितलं, "हा आमच्या गॅरेजातला. डिगरी करतोय आता." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझं सुटलं बाबा ते. हातावर इस्वासच न्हाई ऱ्हायला. मामाचा हात मोडला ना माझ्यामुळं."

माझ्यामुळं, तो म्हणाला. मी ऐकलं. चहा संपवला. गाडी लागली म्हणून उठलो, आणि जाताना त्याच्या पाया पडलो — तेवढं मात्र केलं.

त्यानं आशीर्वाद दिला.