धुऱ्यावरची तेरा घरं

शेजारच्या वावरात फवारणी चालली आहे, आणि तणनाशकाचा वास ओट्यापर्यंत आला की मला धाड गावच्या रस्त्यावरचा आमच्या शेताचा धुरा आठवतो. तेव्हा बांधावर कमरेइतकं मारवेल गवत होतं आणि नखाएवढी तपकिरी फुलपाखरं त्यावरून सरसर उडायची. त्यांच्या अळ्या गवताचं पान रेशमानं शिवून आत राहतात, हे तेव्हा चौथीत असलेल्या माझ्या मुलीनंच मला दाखवलं. पोळ्यानंतर मी धुरा साफ करायला काढला, तेव्हा तिनं अशी तेरा पानं शोधून गवताच्या त्या ठोंबांना लाल दोरे बांधले. “बाबा, हे तेरा सोडजा. मोजून, अंदाजे नको.” मी हसलो. “तुह्या बापानं कधी अंदाजे काही केलं काय?” पंधरा लिटरच्या पंपात शंभर मिली औषध मोजून टाकलं, प्रत्येक दोऱ्याभोवती दोन हात जागा सोडली. दुपारचा वारा मात्र हिशेबात धरला नाही. आठव्या दिवशी तेराही ठोंब पिवळे पडले होते. तिनं एक पान उकललं. आत अळी वाळून दोऱ्यासारखी झालेली. “बाबा, माप तं बरोबर घेतलं होतं ना?” “हो.” “मंग?” त्यानंतर मी तो धुरा कधी फवारला नाही, पण मारवेल परत आलं नाही, गाजरगवत माजलं. मुलगी आता चिखलीला नोकरी करते. दर पोळ्यानंतर मी धुऱ्यावर जाऊन शिवलेली पानं शोधतो. फोनवर ती आकडा विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.