शेजारच्या आजींना सांगितलेला सिनेमा

सगळ्या घरानं मिळून पाहावा असा गुप्तहेरांचा विनोदी सिनेमा आज दुपारी मी एकटीनं पाहिला. क्रांती चौकाजवळच्या थिएटरात शेजारी सात जणांचं कुटुंब होतं. माझ्या लगत त्यांच्या आजी.

"हा आपला हाय का त्यांचा?" आजींनी पडद्यावरच्या हेराकडं बोट करून मुलाला विचारलं. तो हसण्यात गुंग होता. मग त्यांनी मला विचारलं.

पडद्यावरचे हेर सारखे बाजू बदलत होते. मी शेवटपर्यंत आजींच्या कानात सांगत राहिले. महिनाभरात कुणाशी इतकं बोलले नव्हते.

दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुझी माणसं कुठंयत?"

"एकटीच आलेय, आजी."

"मंग बाई, तुला कोण सांगत होतं?"

तेवढ्यात मुलगा त्यांना हात धरून घेऊन गेला.

घरी सिनेमा सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहिलं. तुम्ही कुणाला सांगता?