पंख्याखालचे काका

आमच्या जळगावच्या बॅडमिंटन हॉलमध्ये रोज सकाळी एक गृहस्थ यायचे. गुडघ्याला पट्टा, गळ्यात टॉवेल, आणि आल्या आल्या सगळे पंखे सुरू. त्यांचं नाव विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

शेजारच्या कोर्टवर एक शाळकरी मुलगी सराव करायची, पाचोऱ्याहून पहाटेच्या गाडीने येऊन. पंख्याच्या वाऱ्याने तिचं शटल भलतीकडेच जायचं.

"काका, थोडा वेळ पंखे बंद करू?"

"मग आम्ही काय उकडून मरू?" म्हणत ते ढेरी सावरून सर्व्हिस करायचे. शेवटी कंटाळून तिने पुणं गाठलं.

पुढे ती भारताकडून खेळली आणि तिचा सत्कार याच हॉलमध्ये, ऐन मे महिन्यात झाला. गृहस्थ फेटा बांधून पहिल्या रांगेत. माइक मिळताच म्हणाले, "आपलीच पोर शे ती. वाऱ्यात खेळायची सवय आम्हीच लावली तिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली.

मग तिला थोडं खेळून दाखवायचा आग्रह झाला. तिने रॅकेट उचलली, स्वतः जाऊन सगळे पंखे बंद केले. फेट्याखालून घाम निथळू लागला तसे गृहस्थ बटणांकडे निघाले.

"काका, थोडाच वेळ," ती हसून म्हणाली, आणि निवांत तीन गेम खेळली.