वारा थोरा कर

घणसोलीत सहाव्या मजल्यावर राहणारा प्रणय मढवी महापेच्या आयटी पार्कात नोकरीला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. चौदा वर्षं तेच केल्यामुळे धड चाललेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला त्यानं सेन्सर लावला. पाणी संपत आलं की त्याच्या बायकोला, रुतिकाला, मेसेज जायचा. ती तेव्हा कोपरखैरण्याच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर उभी असायची आणि पिंप भरायला घरात कुणी नसायचं. मग त्यानं तांदळाच्या डब्याखाली वजनकाटा बसवला. एकदा रुतिकानं डब्यावर कलिंगड ठेवलं, तेव्हा घरात तांदूळ भरपूर असल्याचा निरोप फोनवर आला आणि त्या दिवशी दोघांना अंडापाव खावा लागला.

"तू घरात सुधारणा करू नकोस," रुतिका म्हणायची. "नळ गळला तर मला सांग, मी प्लंबर बोलावते."

रुतिका मूळची कराडची. तिला आवाज चढवायची गरजच पडायची नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या आईच्या, बायजाच्या, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ठरली. आधी उजवा डोळा, दोन महिन्यांनी डावा. ती तळवली गावात राहायची. मुलाच्या बिल्डिंगपासून रिक्षानं दहा मिनिटं, पण ती मुक्कामाला कधी आली नव्हती. या वेळी यावंच लागलं. दोन लुगडी, औषधांची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या बरणीत सुका जवळा घेऊन ती आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लागला होता आणि दुसऱ्या डोळ्यानं तिला माणूस आणि कपाट एकसारखंच दिसायचं.

पहिल्याच दिवशी प्रणय संध्याकाळी घरी आला, तर आई हॉलमध्ये घामानं निथळत, पदरानं वारा घेत बसलेली.

"आई, पंखा का नाही लावलास?"

"कसा लावू? तुजे भितीला बटनंच नाय. नुसती काच हाय. हात लावला तं सगला घर पेटला, टीवी सुरू जाला. मंग मी हातच लावला नाय."

दोन वर्षांपूर्वी प्रणयनं हौसेनं सगळ्या खोल्यांत गुळगुळीत काचेचे टच स्विच बसवले होते. नीट दिसणाऱ्या माणसालाही ते अंदाजानंच दाबावे लागत. दिवसभर आई त्या उकाड्यात बसून राहिली, हे त्याला फार लागलं. आणि लागलं की तो जे करायचा तेच त्यानं केलं. बोललेलं ऐकून दिवे-पंखे चालवणारा एक डबा विकत आणला.

डब्याला हाक मारायची तर नावानं. 'मिहिका' म्हटलं की निळा दिवा लागायचा, मग काम सांगायचं.

"मिहिका कोन?" बायजानं विचारलं. "तुजे हापिसातली?"

"कुणी नाही गं. मशीनचं नाव आहे."

"परक्या बायला असा नुसता नावानं हाका मारायचा? बरा दिसतं का?"

ती तिला 'बाय' म्हणू लागली. बाय म्हटलं तर डबा ढिम्म. कसंबसं 'मिहिका'वर आणलं, तर पुढचं अडलं. बायजा म्हणायची, "वारा सोर." डबा गोड आवाजात म्हणायचा, "माफ करा, मला समजलं नाही." बायजा म्हणायची, "बत्ती पेटव." डब्यानं एकदा तिला आग लागल्यास काय करावं याची माहिती वाचून दाखवली.

"हिला कानानी कमी हाय," बायजा म्हणाली.

"आई, असं म्हण, 'पंखा चालू कर'. सावकाश. स्पष्ट."

बायजा ताठ बसली. पोर पाढे म्हणतं तशी म्हणाली, "पंका चालू कर." डब्यानं माफी मागितली. प्रणयनं पुन्हा म्हणायला लावलं. असं दोन संध्याकाळी चाललं. तिसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. ऑफिसात बसून तो फोनवर डब्याची नोंद बघायचा, त्यात एकही चूक नाही. त्याला बरं वाटलं.

शनिवारी भाजी निवडता निवडता रुतिका म्हणाली, "आई चार दिवस घरात बोलत नाहीयेत. लक्षात आलंय का तुझ्या?"

प्रणयनं फोन काढून नोंद पुन्हा बघितली. चूक नव्हती, कारण कुणी काही म्हटलंच नव्हतं. सकाळी निघताना रुतिका पंखा लावून जायची आणि आई दिवसभर त्याच वेगाच्या पंख्याखाली, कधी कुडकुडत, कधी उकडत, गप्प बसायची.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आपला बोलना चुकीचा हाय का रं?"

प्रणयला स्वतःचं कॉलेज आठवलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत तो 'पानी' म्हणाला होता, आणि मागच्या बाकावरची पोरं वर्षभर त्याला 'ए पानी' म्हणून हाक मारायची. त्यानंतर त्यानं आपल्या तोंडातून 'हाय', 'नाय', 'मना' असं सगळं एकेक करून काढून टाकलं होतं. एवढंच असतं तर ठीक होतं. पण पदवीच्या समारंभाला निघताना त्यानं आईला सांगितलं होतं, "तिथं जास्त बोलू नकोस हं." ती खरंच तीन तास एक शब्द बोलली नव्हती. सरांनी नमस्कार केला तेव्हा नुसती हसली होती. हे तिच्या लक्षात असेल का, हे विचारायची त्याची आजवर छाती झाली नव्हती. आताही झाली नाही.

"तुझं नाही चुकत," तो म्हणाला. "मशीनचं चुकतं."

"मंग मशीनला शिकव."

झालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं विकतचा डबा कपाटात टाकला आणि एका छोट्या संगणकावर स्वतःचं यंत्र जुळवायला घेतलं. त्याला आईचा आवाज हवा होता. एकेक वाक्य पन्नास-पन्नास वेळा. संध्याकाळी जेवणाआधी तो माईक घेऊन आईसमोर बसायचा.

"म्हण, वारा सोर."

"वारा सोर. वारा सोर. वारा सोर... तुजा बापूस मिठागरावर असं म्हनायचा. वारा सुटला का मीठ लवकर धरायचा. एकदा काय जाला..."

आणि मग पाऊण तास मिठागर. खाडीचं पाणी आत कसं घ्यायचे, पायाला मीठ लागून कशा भेगा पडायच्या, प्रणयचा बाप गोवर्धन एकदा भरतीत चप्पल सोडून कसा पळाला आणि ती चप्पल तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावर कशी सापडली. त्या पाऊण तासातून प्रणयला कामाची सात वाक्यं मिळायची. आधी तो चिडला. मग त्यानं माईक बंद करायचं सोडून दिलं. रुतिकाही ड्युटीवरून आली की पाय पोटाशी घेऊन तिथंच बसायची. एका आवाजावर यंत्र नीट शिकत नाही असं प्रणय म्हणाला, म्हणून तीही आईच्या मागोमाग म्हणू लागली. कराडच्या तोंडाला तो 'सोर' आधी जमेना. बायजा हसून हसून काळ्या चष्म्याखालून डोळे पुसायची.

"डोळ्याला हात नाही लावायचा आई," रुतिका दटावायची.

"नाय लावत गो बाय, तू बोल, तू बोल."

तीन आठवड्यांनी यंत्र तयार झालं. नाव अर्थात 'बाय'. बायजा खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाय, वारा सोर." पंखा फिरला. "बाय, वारा थोरा कर." पंखा हळू झाला. बायजानं यंत्र होतं त्या कोपऱ्याकडे बघून हात उचलला आणि कानशिलावर बोटं मोडली. "गुनाची पोर हाय."

तोटे हळूहळू कळले. बायजा सुनेलाही 'बाय' म्हणायची. त्यामुळे "बाय, भात टाकलास का?" म्हटलं की स्वयंपाकघरातला दिवा लागायचा किंवा जायचा. तेवढं चाललं असतं. पण यंत्र फक्त त्या दोघींच्याच बोलण्यावर शिकलं होतं, त्याला प्रणयचं बोलणं कळेना. तो पुस्तकातल्यासारखा स्पष्ट बोलायचा आणि यंत्र गप्प बसायचं. काचेचे स्विच त्यानं या भानगडीत काढून टाकले होते. फोनवरून चालवायची सोय करायची राहिली होती. ती पुढच्या रविवारी करू, असं तो गेले तीन रविवार म्हणत होता.

मेच्या मधल्या एका बुधवारी तो घरून काम करत होता. दुपारी परदेशी ग्राहकाबरोबर व्हिडिओ मीटिंग होती, समोर अकरा माणसं. त्यात त्याचा मॅनेजर हितेश ठाकूर. हितेश चार वर्षांत इंग्रजी सोडून एक शब्द बोलला नव्हता, लिफ्टमध्येसुद्धा. रुतिका ड्युटीवर होती. बायजा चष्मा सांभाळत खाली बिल्डिंगमधल्या बायकांत जाऊन बसली होती.

मीटिंग सुरू झाली आणि दोन मिनिटं वीज गेली. परत आली तेव्हा प्रणय पुन्हा मीटिंगला जोडला गेला, पण पंखा सगळ्यात जोरात सुरू झाला. टेबलावरचे कागद उडाले. पडदा लॅपटॉपवर येऊन बसला. पंखा जुना होता, पूर्ण वेगात तो खडखडायचा. पलीकडून ग्राहकानं विचारलं, आपण विमानतळावर आहात का?

प्रणयनं माईक बंद करून म्हटलं, "बाय, वारा थोडा कर." काही नाही. मोठ्यानं म्हटलं. काही नाही. "पंखा बंद! पंखा बंद कर! अगं ए!" तो खुर्चीवर चढला, पण चालत्या पंख्याला हात लावणार कसा? मेन स्विच पाडावा तर पुन्हा वायफाय जाणार आणि मीटिंगही. खुर्चीवर उभा राहून, छताकडे तोंड करून तो ओरडला, "बाय, वारा थोडा कर! वारा थोडा कर गं बाई!"

खाली बघितलं तर लॅपटॉपवर अकरा चेहरे शांतपणे त्याच्याकडे बघत होते. गडबडीत माईक कधीच सुरू झाला होता.

मग हितेशच्या चौकटीभोवती हिरवी रेघ उजळली.

"मढवी," तो म्हणाला, "थोडा नाय. थोरा. थोरा म्हन."

प्रणय खुर्चीवर तसाच उभा.

हितेश लॅपटॉपजवळ वाकला. उरणच्या बाजारात उभं राहून हाक मारावी तसा, नीट पोटातून आवाज काढून म्हणाला, "बाय, वारा थोरा कर!"

पंखा हळू झाला.

पुढची चाळीस मिनिटं मीटिंग इंग्रजीत झाली. संपल्यावर हितेशचा मेसेज आला: 'कुठलं गाव?' प्रणयनं लिहिलं, 'तळवली. तुम्ही?' उत्तर आलं, 'उरणकडला. हापिसात बोलू नको.' पाठोपाठ दुसरा मेसेज आला, त्यात शुक्रवारच्या कामाची यादी होती.

संध्याकाळी त्यानं घरी हे सांगितलं तेव्हा रुतिका जमिनीवर बसून हसली. बायजा मात्र हसली नाही. "त्याला जेवाला बोलव," ती म्हणाली. "बिचारा कवरं दिस गप बसला असंल."

जूनमध्ये डावा डोळाही झाला. पट्टी निघाली त्या दिवशी बायजानं खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा मोजल्या, सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला आणि प्रणयला म्हणाली, "तुजं केस गेलं रं." मग तळवलीला जायची घाई सुरू केली. गावातल्या घरीही हेच यंत्र बसवून देतो, असं प्रणयनं दोनदा सांगून पाहिलं.

"कनाला?" ती म्हणाली. "मना आता बटन दिसतं."

रविवारी तो तिला सोडून आला. रुतिकाची दुपारपाळी होती. घरात शिरला तेव्हा पावसाळी आभाळामुळे सहालाच अंधारलं होतं. दारातच उभा राहून तो म्हणाला, "बाय, बत्ती पेटव." काही नाही. त्यानं 'पेटव' ओढून म्हटलं, तोडून म्हटलं. 'बाय' वर जोर दिला, मग कमी केला. स्वतःच्या आईची भाषा स्वतःच्याच यंत्राला ऐकवताना त्याचा आवाज शाळेतल्या नाटकातल्या शिपायासारखा येत होता. शेवटी चपलेला ठेचकाळत तो सोफ्यापर्यंत गेला आणि आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पोचलास का रं?"

"पोचलो. आई, जरा 'बत्ती पेटव' म्हण ना."

"बाय, बत्ती पेटव."

दिवा लागला.

"लागली का?"

"लागली."

"तू कसा म्हनतोस? म्हन बघू मना."

तो म्हणाला. तिनं तीनदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा म्हणाली, "बरा हाय. येल." आपण आजवर तिच्याशी धड बोललो नाही, हे एकदा सांगून टाकावं असं त्याला वाटलं. कुठल्या शब्दांत सांगावं, तेही त्या भाषेत, हे सुचेना.

"आये," तो म्हणाला, "मना..."

"ठेव आता," बायजा म्हणाली. "माजी मालिका लागली."