एका स्पीकरसाठी घेतलेली झडती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. राग चोरावर नाही, कारण त्या प्रकरणात चोर नव्हताच.

तेव्हा मी कल्याणला पोलीस निरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकताच उतरला होता. खाडीजवळच्या टॉवरमधले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. परदेशातून आणलेला बिनतारी स्पीकर चोरीला गेला होता. वर कातड्याचं आवरण, पितळी मूठ, कुणा नावाजलेल्या डिझायनरने घडवलेला. फोटो पाहून आमचे ठाणे अंमलदार म्हणाले, "ही तर बायकांची पर्स वाटते." गृहस्थ भडकले.

"घरात बाहेरचं येतं कोण? फक्त कामवाली मावशी. ओपन अँड शट केस आहे साहेब!"

इतकंच करून ते थांबले नव्हते. सोसायटीच्या गेटवर कामवाल्यांची नोंद ज्या ॲपमध्ये होते, तिथे त्यांनी मावशींच्या नावापुढे आधीच लाल खूण करवली होती. त्यामुळे टॉवरमधली मावशींची कामाची सहाही घरं एका दुपारीत सुटली. तपास सुरू व्हायच्या आत शिक्षा! आणि मी, वर्दीतला माणूस, ते मुकाट्याने ऐकून घेतलं आणि गुन्हा नोंदवला.

मावशी मोहन्याच्या एका चाळीत राहायच्या. नवरा वारलेला, सगळं घर त्या सहा घरांच्या धुण्याभांड्यांवर. महिला अंमलदाराने त्यांचा जबाब घेतला. त्या एकच सांगत राहिल्या, "मी नेलेला नाय, साहेब. देवाची शपथ." शपथा आम्ही रोज ऐकतो. मी कागदावर सही केली आणि फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला : त्या बाईच्या घरी नवा स्पीकर वाजतोय. मी पंच घेतले, जीप काढली आणि भर दुपारी मोहने गाठलं. सगळी आळी दारात उभी. मावशींच्या पेटीतल्या साड्या आम्ही जमिनीवर काढल्या, तांदळाचा डबासुद्धा उपसला. स्पीकर मिळाला, पण रंगीत दिव्यांचा, प्लास्टिकचा, फुटपाथवरचा.

"गौरीच्या जागरणाला आणलेला, साहेब," मावशी म्हणाल्या. "बायका नाचतात ना." शेजारीण फिदकन हसली. मी तिला दटावलंसुद्धा नाही.

परतल्यावर चडफडत मी मावशींचा जबाब पुन्हा काढला. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं : "तो आरतीला वाजलेला, मखराच्या मागं. त्यानंतर मी बघितलाच नाय." आमच्याच हस्ताक्षरात, माझ्याच सहीनिशी! मी न वाचताच सही ठोकली होती.

तसाच उठून टॉवरवर गेलो. गृहस्थांना विचारलं, "मखर कुणी आवरलं?"

"मीच. विसर्जनाच्या दिवशी. माळ्यावर आहे."

"काढा."

खोक्यात थर्माकोलचे खांब, झिरमिळ्या आणि तळाशी रेशमी उपरण्याचं गाठोडं. गुलालाचा डाग पडू नये म्हणून त्यांनीच स्पीकर स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून मूर्तीमागे लपवला होता आणि आवरताना सजावटीसोबत पुढच्या वर्षासाठी बांधून टाकला होता.

"अरे, सापडला की!" ते हसले. "केस क्लोज करा साहेब. मावशींना सांगा, उद्यापासून या."

"तुम्ही सांगा. मोहन्याला जाऊन, सगळ्यांसमोर," मी ओरडलोच.

"मला मीटिंग आहे हो. सॉरी बोलतो ना फोनवर."

ज्याने हात जोडून माफी मागायला हवी होती, त्याला मीटिंग होती! दोन दिवसांनी न्यायालयात गुन्हा घडलाच नसल्याचा समरी अहवाल पाठवला, कागदोपत्री प्रकरण मिटलं. त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत मावशींकडे गेलो. त्यांनी आत बोलावलं नाही.

"त्या दिवशी जीप घेऊन आलेलात, साहेब. आज गुपचूप?"

लाज वाटली. सकाळी वर्दी चढवून, जीप घेऊन पुन्हा गेलो आणि आळीच्या मधोमध उभं राहून सांगितलं की या बाई निर्दोष आहेत, चूक पोलिसांची होती. मावशी त्या टॉवरमध्ये परत गेल्या नाहीत. बरं केलं.

जबाब घेणं सोपं असतं, पण तो वाचायला समोरच्याला माणूस मानणारा लागतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एका मावशीने शिकवलं. आणि आणखी एक : बदनामी करायला पोलीस पुरतात, ती पुसायला पुरत नाहीत. झडतीला अख्खी आळी लोटली होती. मी चूक कबूल केली तेव्हा ऐकायला चौघीजणी होत्या, त्यातल्या दोघी नळावर पाणी भरायला आल्या होत्या.